जनरल वैद्य आणि फळ्यावरचा पंजाब

माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य आपल्या खान्देशचे नव्हते, अलिबागचे. तरी शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहायला बसलो तेव्हा दुसरा विषय मनात आलाच नाही. या माणसाची ओळख मला आपल्याच शाळेत, नववीच्या वर्गात झाली. पुढे मी चिलखती, म्हणजे रणगाड्यांच्या, दलात सवार (साधा जवान) म्हणून भरती झालो आणि रिसालदार (कनिष्ठ अधिकारी) म्हणून निवृत्त झालो, त्याचं मूळ त्याच वर्गात आहे.

१० ऑगस्ट १९८६ हा रविवार होता. पुण्याच्या कॅम्पात जनरल वैद्य स्वतः गाडी चालवत घरी निघाले होते, शेजारी पत्नी बसलेल्या. मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते गेले, पत्नी जखमी झाल्या. लष्करप्रमुखपदावरून निवृत्त होऊन त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. आमच्याकडे ही बातमी रेडिओवरून आली. चोपड्याकडच्या त्या भागात फौजेत गेलेली माणसं तेव्हा फार नव्हती. कापूस, केळी आणि एस.टी.ची नोकरी एवढंच आम्हा पोरांना ठाऊक. त्यामुळे घरोघर चर्चा झाली ती खुनाची.

सोमवारी प्रार्थनेनंतर दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली झाली. पहिला तास भूगोलाचा होता आणि भूगोल शिकवायला आमचे एन.सी.सी.चे सर. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाले, "माणूस कसा गेला ते काल सगळ्यांनी ऐकलं. तो कसा जगला ते आज बघू." आणि त्यांनी फळ्यावर पंजाब काढला. सीमा, खेमकरण, त्याच्या वर असल उत्तर नावाचं गाव, आणि पार वरच्या कोपऱ्यात बियास नदीवरचा पूल.

सप्टेंबर १९६५. पाकिस्तानची पहिली आर्मर्ड, म्हणजे रणगाड्यांची, डिव्हिजन खेमकरणमधून आत घुसली होती. बियासचा पूल गाठायचा आणि अमृतसरला मागून तोडायचं, असा त्यांचा डाव. त्यांच्याकडे अमेरिकेचे पॅटन रणगाडे, तोफ ९० मिलिमीटरची. समोर आपली चौथी माउंटन डिव्हिजन आणि दुसरी स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड. आपल्या या फौजेत रणगाड्यांच्या तीन रेजिमेंट्स: थर्ड कॅव्हलरीकडे सेंच्युरियन रणगाडे होते, एट्थ कॅव्हलरीकडे हलके ए.एम.एक्स. आणि डेक्कन हॉर्सकडे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन. डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल वैद्य.

सरांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "या दिवसांत काळ्या रानात पाणी भरलं आणि त्यात कोणी गाडी घातली, तर?"

अख्खा वर्ग ओरडला, "फसी जास, सर!"

"मग पॅटनचंही तेच झालं."

आपल्या सैन्यानं खेमकरणमधून मागे येऊन असल उत्तरभोवती घोड्याच्या नालेसारखी रचना केली आणि पाणी सोडून शेतं भिजवून ठेवली. ऊस पुरुषभर वाढलेला. उसात आपले टँक आणि जीपवर बसवलेल्या तोफा लपलेल्या. पॅटन आत आले, चिखलात त्यांची गती गेली, आणि वळायला लागले तशा त्यांच्या बाजू आपल्याला दिसू लागल्या. फोर ग्रेनेडियर्स या पायदळाच्या पलटणीचे अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेनं एकामागून एक पॅटन उडवले आणि तिथंच ते धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत शत्रूनं ९७ रणगाडे गमावले, अशी आपल्या बाजूची नोंद आहे. पकडलेले पॅटन भिखीविंडजवळ रांगेनं उभे केले होते. त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले. कर्नल वैद्यांना महावीरचक्र मिळालं.

हे सगळं त्या दिवशी मला गोष्टीसारखं वाटलं. त्यातलं अवघड काय होतं ते स्वतः टँकमध्ये बसल्यावर कळलं, आणि आजच्या मुलांना मला नेमकं तेच सांगायचं आहे. शर्मनची तोफ पॅटनच्या समोरच्या चिलखतापुढे तोकडी पडायची. म्हणजे शत्रू दिसतोय, तो जवळ येतोय, आणि तरी थांबायचं. त्याची बाजू समोर येईपर्यंत, अंतर कमी होईपर्यंत गोळा सोडायचा नाही. पहिला गोळा चुकला तर आपली जागा उघडी पडते. आत इंजिनाची धग, डिझेल-पेट्रोलचा आणि बारुदाचा वास, कानावर वायरलेसची खरखर. अशा वेळी जवानाचा हात ट्रिगरवर स्थिर राहतो तो एकाच कारणानं: वायरलेसवर साहेबांचा आवाज शांत असतो. एका जुन्या, कमी ताकदीच्या टँकच्या रेजिमेंटला त्या उसात थांबवून धरणं, ही माझ्या मते वैद्यसाहेबांची सगळ्यात मोठी कामगिरी. बहाद्दरी म्हणजे धावून जाणं, असं आपण समजतो. असल उत्तरला बहाद्दरी थांबण्यात होती.

पुढे १९७१ साली नेमकं उलटं करायची वेळ त्यांच्यावर आली. तेव्हा ते ब्रिगेडियर होते आणि पाकिस्तानातल्या शकरगड भागात त्यांच्याकडे सोळावी स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड होती. समोर बसंतर नदी आणि मैलभर पसरलेले सुरुंग. चक्रा, डेहलरा या तिथल्या लढायांची नावं चिलखती दलातल्या प्रत्येक रंगरूटाच्या कानावर पडतात. इंजिनिअरांनी सुरुंग काढून वाट करायची आणि मग टँक जायचे, अशी रीत. पण पलीकडे पोचलेल्या आपल्या पायदळावर शत्रूचे टँक चालून येत होते आणि वाट पुरी झालेली नव्हती. वैद्यांनी सुरुंगांमधून इंच इंच करत आपला टँक पुढे काढला आणि मागून स्क्वाड्रन (टँकची तुकडी) गेला. याच ब्रिगेडमध्ये पूना हॉर्स होती. १६ डिसेंबरला त्या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जळत्या टँकमधून लढत राहिले आणि २१व्या वर्षी परमवीर झाले.

युद्धसरावात आम्ही खोटे सुरुंग पेरलेल्या मैदानातून टँक काढलेले आहेत. ड्रायव्हरला पेरिस्कोपमधून पुढचा थोडा तुकडाच दिसतो. पुढच्या टँकची चाकोरी सोडायची नाही, एवढंच त्याच्या हातात. सुरुंग खोटे आहेत हे ठाऊक असूनही घशाला कोरड पडते. तिथं खऱ्या सुरुंगांत ब्रिगेडियर हुद्द्याचा माणूस स्वतः टँकवर होता, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. बसंतरसाठी त्यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळालं. दोन वेळा महावीरचक्र मिळालेले वीर आपल्या देशात सहाच आहेत.

त्यांच्या पुढच्या हुद्द्यांची जंत्री मी देत नाही. १९४५ साली कमिशन मिळालेला हा अधिकारी १ ऑगस्ट १९८३ रोजी लष्करप्रमुख झाला आणि ३१ जानेवारी १९८६ ला निवृत्त झाला, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त अंगावर वर्दी. एप्रिल १९८४ मध्ये आपले जवान सियाचीनवर चढले ते त्यांच्याच कारकिर्दीत. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई झाली आणि तिचाच सूड म्हणून पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्या कारवाईबद्दल मतं वेगवेगळी आहेत आणि शीख बांधवांच्या मनाला लागलेला घाव खरा आहे, हे मी जवळून पाहिलं आहे. माझ्या टँकचा गनर तरनतारनकडचा होता. वर्षानुवर्षं आम्ही एका टँकमध्ये बसलो, एका ताटात जेवलो. १९८४ वर आम्ही फारसं बोललो नाही. पण असल उत्तरचा विषय निघाला की तो खुलायचा. त्याच्या आजोळची जमीन त्याच पट्ट्यातली. ऊस किती दाट असतो, पाणी कुठून फिरवलं असेल, हे तो हातवारे करून सांगायचा, आणि सरांनी फळ्यावर काढलेला पंजाब मी त्याला पुन्हा पुन्हा समजावून द्यायचो.

भरतीचं पत्र आलं तेव्हा आई रडली. वडील ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पोऱ्या फौजमा जाई ऱ्हायना." मी आधी सरांकडे गेलो. कोणत्या दलात, असं त्यांनी विचारलं. आर्मर्ड म्हटल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली, बाकी काही बोलले नाहीत. ते आज हयात नाहीत. भूगोलाचा तो एक तास त्यांनी दिला नसता, तर जनरल वैद्य माझ्यासाठी वर्तमानपत्रातला एक खून एवढेच राहिले असते.

याच गोष्टीची मला आज काळजी वाटते. मागे शाळेत आलो होतो तेव्हा नववी-दहावीच्या मुलांशी बोललो. जनरल वैद्य कोण, तर दोघा-तिघांनी सांगितलं, "पुण्यात गोळ्या घातल्या ते." असल उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. मुलांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही.

म्हणून मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथं शर्मन आहे, सेंच्युरियन आहे आणि युद्धात पकडलेला पॅटनही आहे. माझं रंगरूट म्हणून शिक्षण त्याच शहरात झालं. या हिवाळ्यात नववीची सहल तिकडे न्यावी. एस.टी.चं बुकिंग आणि तिथली परवानगी मी बघतो, आणि पोरांसोबत स्वतः येतो. शर्मन आणि पॅटन यांच्यामध्ये उभं राहून दोन्ही तोफांच्या नळ्या त्यांनी डोळ्यांनी मोजाव्यात. बाकीचं मी तिथं सांगेन.