मालवणची सागरी जलतरण स्पर्धा: निकाल, परतीचे चारशे मीटर आणि पुढचा सराव

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दर वर्षी डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते आणि या वेळी आमच्या कोल्हापूरच्या क्लबची मुले, त्यांचे पालक आणि आम्ही काही प्रौढ सभासद असा मोठा संघ तिला गेला होता. स्पर्धा उत्तम आहे आणि ज्याला पोहण्याची मनापासून आवड आहे त्याने एकदा तरी तिथे उतरावेच. मात्र ज्यांच्या शब्दावर विसंबून आम्ही तयारी केली, त्यांनी आम्हाला निम्मेच सांगितले होते. चिवल्याचे पाणी म्हणजे तलावच आहे, लाटा नसतात, तलावात एक किलोमीटर पोहणारे मूल तिथे सहज दोन-तीन किलोमीटर काढते, असे आधी जाऊन आलेल्या दुसऱ्या गावच्या मंडळींनी आम्हाला छातीठोकपणे सांगितले होते. हे खरे नाही. परतीच्या शेवटच्या चारशे मीटरांबाबत तर ते मुळीच खरे नाही आणि पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना एवढे तरी आधी ठाऊक असावे, म्हणून अजून खांदे दुखत असतानाच हे लिहीत आहे.

आधी निकाल सांगतो. एक किलोमीटरच्या शर्यतीत आमची आठवीतली मुलगी तिच्या वयोगटात तिसरी आली आणि दोन मुले आपापल्या गटात पहिल्या दहांत राहिली. साठी ओलांडलेल्या आमच्या एका सभासदांनी दोन किलोमीटर अंतर कुठेही न थांबता पूर्ण केले. मला स्वतःला त्यांचा आनंद त्या पदकापेक्षा तसूभरही कमी वाटला नाही. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी अंतर पूर्ण केले, परंतु त्यांच्या वेळा तलावातल्या वेळांपेक्षा पुष्कळ जास्त भरल्या आणि दोन मुलांना अखेरच्या टप्प्यात होडीत घ्यावे लागले. क्लबमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलला सगळ्यांच्या पुढे असणारा मुलगा मालवणला आमच्याच संघात पाचवा आला. पालकांना हे पचायला जड गेले. वर्षभर जो पहिला येतो तो समुद्रात मागे का पडला, याचे उत्तर पुढच्या दोन-तीन परिच्छेदांत आहे आणि त्यात त्या मुलाचा काडीचाही दोष नाही.

कोल्हापूरच्या मुलांना वेगाचे आकर्षण असणे स्वाभाविक आहे. याच गावच्या विरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवले आणि तेव्हापासून इथल्या प्रत्येक लहान पोहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पन्नास मीटरच असतात. समुद्राचा हिशेब निराळा आहे. २५ मीटरच्या तलावात एक किलोमीटर पोहताना ३९ वेळा वळावे लागते आणि दर वळणाला भिंतीला पाय लावून शरीर पुढे सोडले की हातांना क्षणभर विसावा मिळतो, श्वास जुळतो, दिशाही आपोआप सरळ होते. समुद्रात भिंतही नाही आणि तळाला काळी रेघही नाही. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे पाय आपोआप वर तरंगतात. म्हणून तलावाच्या सवयीने जोरजोरात पाय मारणारे मूल दम विनाकारण खर्च करते. आमचा शंभर मीटरवाला मुलगा पहिल्या बोयापर्यंत, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या पहिल्या तरंगत्या खुणेपर्यंत, सर्वांच्या पुढे होता. त्याचे बिनसले ते परतताना.

आता त्या परतीच्या टप्प्याविषयी. चिवल्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे परतताना पोहणारा पूर्वेकडे तोंड करून असतो. डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडून वर येतो आणि सकाळी आठच्या सुमारास तो माडांच्या शेंड्यांच्या किंचितच वर असतो. शेवटच्या बोयाला वळसा घालून डोके वर काढले की समोर फक्त पांढरा प्रकाश दिसतो. शर्यत संपण्याची कमान दिसत नाही, काठावरची माणसे दिसत नाहीत, शेजारून कोणी पोहत असेल तर त्याची टोपीसुद्धा दिसत नाही. आमच्या बहुतेक मुलांकडे बंदिस्त तलावासाठी घेतलेले पारदर्शक काचांचे गॉगल होते. गडद काचांचे गॉगल लागतील, हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. या स्पर्धेला जाणाऱ्याने एकच वस्तू नवी घ्यायची असेल तर ती गडद काचेचा गॉगल ही आहे आणि तोही महिनाभर आधी घेऊन सरावात वापरलेला असावा. स्पर्धेच्या सकाळी नवा गॉगल काढला की तो हमखास गळतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सकाळी कोकणात जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. काठाजवळ त्याचा जोर जाणवत नाही, म्हणून वाळूत उभ्या राहिलेल्या माणसाला समुद्र सपाट दिसतो आणि तो तसे इतरांना सांगतो. काठापासून आत गेल्यावर मात्र याच वाऱ्याने उठलेल्या आखूड लाटा परतणाऱ्याच्या थेट तोंडावर येतात. उजवीकडूनच श्वास घेण्याची सवय असलेल्या मुलांच्या घशात दर तिसऱ्या-चौथ्या हाताला खारे पाणी गेले. आमची तिसरी आलेली मुलगी दोन्ही बाजूंनी श्वास घेते आणि तिला मिळालेल्या यशाचे निम्मे कारण हेच आहे, असे माझे ठाम मत आहे.

तिसरी गोष्ट ओहोटीची. आम्ही पाण्यात होतो तेव्हा ओहोटी चालू होती आणि किनाऱ्याला लागण्याऐवजी आपण तिरपे बाहेर ओढले जात आहोत, हे बहुतेकांच्या फार उशिरा लक्षात आले. प्रवाह अगदी मंद, ताशी अर्धा किलोमीटर आहे असे धरले आणि मूल शंभर मीटरला दोन मिनिटे या गतीने पोहत आहे असे मानले, तरी चारशे मीटरच्या आठ मिनिटांत आडवा प्रवाह त्याला जवळजवळ ६५ मीटर बाजूला नेतो. समोर सूर्य असल्यामुळे ही चूक डोळ्यांना दिसत नाही आणि दिसते तेव्हा सरळ काठाकडे वळून पुन्हा उलट पोहावे लागते. आमचा शंभर मीटरवाला नेमका इथे अडकला. होडीत घ्यावी लागलेली दोन्ही मुलेही याच पट्ट्यात दमली. तिथे होड्यांवर असलेल्या मच्छीमारांनी त्यांना ज्या शांतपणे वर घेतले, पाठीवरून हात फिरवला आणि पाणी पाजले, त्याबद्दल मला त्यांचे मनापासून आभार मानायचे आहेत. होड्यांची आणि जीवरक्षकांची व्यवस्था चोख होती. पालकांनी सुरक्षिततेची काळजी करण्याचे कारण नाही.

ओहोटीचा अंदाज कोकणातले लोक तिथीवरून बांधतात आणि तो प्रत्येक प्रशिक्षकाला यायला हवा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. उदाहरणार्थ षष्ठीला साडेचारच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि त्यानंतर सुमारे सहा तास पाणी उतरत राहते. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी, कारण गावागणिक तीत फरक पडतो. स्पर्धेची तारीख कळताच हा हिशेब करा. पाणी उतरत असेल तर परतताना कमानीकडे तोंड करून पोहू नये. आदल्या दिवशी ठरवून ठेवलेली, प्रवाहाच्या वरच्या अंगाची खूण धरावी. खूण उंच आणि सूर्याच्या बाजूला नसलेली हवी. एखादे वेगळ्या रंगाचे छप्पर किंवा मनोरा चांगला. माड धरू नये, तिथे सगळीकडे माडच आहेत. आणि शेवटी उथळ पाण्यात लवकर उभे राहू नये. कमरेएवढ्या पाण्यात धावण्यापेक्षा पोहणे वेगवान असते. बोटे वाळूला लागेपर्यंत हात मारत राहावे आणि मगच उठावे. आमची मुले घाईने उभी राहिली आणि धडपडत चालत असताना चार-पाच जण त्यांना पोहत मागे टाकून गेले.

समुद्रानंतर ज्या गोष्टीने आम्हाला सर्वांत जास्त मनस्ताप दिला ती म्हणजे राहण्याची जागा. किनाऱ्याजवळच्या एका घरगुती निवासाशी आम्ही फोनवर खोलीमागे २,००० रुपये ठरवले होते. तिथे पोहोचल्यावर दर माणशी ८०० रुपये आहे, असे सांगण्यात आले. म्हणजे चौघांच्या खोलीचे ३,२०० झाले, वर जादा गादीचे प्रत्येकी ३०० आणि सकाळच्या गरम पाण्याचे बादलीमागे ५० रुपये. रात्री नऊ वाजता मुले पेंगत असताना दुसरीकडे जाणार कुठे, हे समोरच्यालाही पक्के ठाऊक होते. याहून वाईट प्रकार दुसऱ्या दिवशी झाला. खोल्या दहा वाजता सोडायच्या होत्या आणि शर्यती तेव्हा चालूच होत्या. आमचे सामान व्हरांड्यात आणून ठेवले गेले आणि पाण्यातून आलेल्या मुलींना कपडे बदलायला खोली उघडून देण्यासाठी अर्ध्या दिवसाचे भाडे मागितले गेले. आम्ही ते दिले, कारण मुली ओल्या अंगाने उभ्या होत्या. ही वागणूक मला अक्षम्य वाटते.

त्यामुळे पुढे जाणाऱ्यांना माझे सांगणे असे की नाताळाच्या आसपासच्या दिवसांत किनाऱ्यालगत राहण्याचा आग्रह सोडावा आणि स्वतःचे वाहन असेल तर गावाबाहेर, कुंभारमठच्या बाजूला जागा पाहावी. खोलीचा दर, खोलीत किती माणसे, गादी, गरम पाणी आणि खोली सोडण्याची वेळ या पाचही गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्याव्यात आणि त्या मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवू नये. खोली दुपारी दोनपर्यंत मिळत नसेल तर ती जागा फुकट असली तरी घेऊ नये.

प्रवास आम्ही राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली आणि कसाल असा केला. घाटात लहान मुलांना उलट्यांचा त्रास होतो, म्हणून सकाळीच निघावे आणि दुपारी मालवणात पोहोचून सायंकाळी मुलांना अर्धा तास तरी समुद्रात उतरवावे. खारे पाणी तोंडात गेल्यावर काय वाटते, हे स्पर्धेआधी कळलेले बरे. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सिंधुदुर्ग किल्ला आणि तारकर्ली पाहिले. दोन्ही छान आहेत.

जेवणाबाबत मात्र कडक राहावे. आदल्या रात्री कोंबडी-वडे आणि तळलेली मासळी खाऊन सकाळी समुद्रात उतरणे म्हणजे उलटीला आमंत्रण आहे आणि आमच्या संघात ते दोघांना भोवले. रात्री साधा वरण-भात खावा आणि सकाळी शर्यतीच्या दोन तास आधी उकड्या तांदळाची पेज घ्यावी. ती तिथे सहज मिळते आणि पोटाला जड होत नाही. सोलकढी, सुरमई वगैरे सर्व काही नंतर.

पाणी थंड नसते, त्यामुळे थंडीची भीती बाळगू नये. काखेत, मानेवर आणि पोहण्याच्या पोशाखाच्या कडांखाली व्हॅसलीनचा जाड थर द्यावा, नाहीतर मीठ आणि घर्षण मिळून कातडी सोलवटते. माझी मान अजून लाल आहे. जेलीफिशचा स्पर्श झाला तर ती जागा वाळूने चोळू नये आणि तिच्यावर गोडे पाणी ओतू नये. समुद्राच्या पाण्याने धुऊन चिकटलेले धागे चिमट्याने काढावेत आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात ती जागा वीस मिनिटे बुडवून ठेवावी. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर तडक डॉक्टरांकडे न्यावे. आमच्या एका मुलाच्या दंडावर चाबकाच्या वळासारखे तीन लाल पट्टे उठले होते. ते संध्याकाळपर्यंत उतरले, पण तो घाबरून मध्येच थांबला होता आणि पाण्यात घाबरणे हे त्या डंखापेक्षा जास्त धोक्याचे आहे.

या सगळ्यावरून क्लबच्या पुढच्या कार्यक्रमात आम्ही बदल केले आहेत. जानेवारीपासून रविवारचा सराव तलावाच्या भिंतींमध्ये न होता राजाराम तलावाच्या मोकळ्या पाण्यात होईल आणि त्यात दर दहा-बारा हातांनी डोके वर काढून खूण पाहणे, दोन्ही बाजूंनी श्वास घेणे आणि घोळक्यात धक्के खात पोहणे एवढ्याच तीन गोष्टी घोटून घेतल्या जातील. हा सराव मुद्दाम सकाळी, सूर्याकडे तोंड करून केला जाईल. उन्हाळी शिबिरात नवशिक्यांचे वर्ग नेहमीप्रमाणे चालतील. परंतु सागरी स्पर्धेसाठी नाव द्यायचे असेल तर मोकळ्या पाण्यात दीड किलोमीटर न थांबता पोहून दाखवावे लागेल. बंदिस्त तलावातली वेळ ग्राह्य धरली जाणार नाही. काही पालकांना ही अट जाचक वाटते, पण होडीत घेतलेल्या त्या दोन मुलांचे चेहरे मी जवळून पाहिले आहेत आणि ही अट शिथिल करण्यास माझा विरोध राहील.

मोठ्या मुलांसाठी त्यानंतरचे लक्ष्य मुंबई बंदरातील संकरॉक दीपगृह ते गेट वे ऑफ इंडिया हे सुमारे पाच किलोमीटरचे अंतर आहे. तिथे बंदराच्या आत शिरणाऱ्या भरतीची साथ मिळते, म्हणून ते पाच किलोमीटर मालवणच्या ओहोटीतल्या पाचांपेक्षा सोपे जातील, असे म्हणणारे आताच भेटू लागले आहेत. तिथे जाऊन पोहून आलेल्या किमान तिघांशी स्वतः बोलल्याशिवाय आम्ही यावर विश्वास ठेवणार नाही. ज्यांना या संघात यायचे आहे त्यांनी वयाचा दाखला आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र प्रशिक्षकांकडे आधीच द्यावे, तसेच राजाराम तलावावर येताना गडद गॉगल, भडक रंगाची टोपी, व्हॅसलीन आणि पाण्यावर तरंगणारा कमरेचा फुगा सोबत आणावा. फुगा नसलेल्याला पाण्यात उतरू दिले जाणार नाही.