विरारची लोकल

परळ भागातील एका महाविद्यालयात मी समुपदेशक म्हणून काम करते. पुढे जे सांगते आहे ते संबंधित विद्यार्थ्याच्या संमतीने, आणि त्याची ओळख पटेल असे तपशील बदलून.

त्या दिवशी द्वितीय वर्षाच्या मुलांसाठी मानसिक स्वास्थ्यावर कार्यशाळा होती. 'तुम्हाला कसे वाटते?' असे विचारले की वर्गात शांतता पसरते, म्हणून मी कथा-कादंबऱ्यांतील पात्रे घेतली. कॅरल रिफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1989 मध्ये मानसिक स्वास्थ्याचे सहा पैलू मांडले होते: स्वतःचा स्वीकार, जिव्हाळ्याची नाती, स्वायत्तता, परिस्थितीवरील पकड, जगण्याचा हेतू आणि व्यक्तिगत वाढ. प्रत्येक पैलूला दहापैकी गुण द्यायचे होते. पात्रे दोन, चिं. वि. जोशी यांचा चिमणराव आणि भालचंद्र नेमाडे यांच्या 1963 सालच्या 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकर.

चिमणरावाने वर्गाची पंचाईत केली. हा भित्रा, हाती घेतलेल्या कामाचा हमखास विचका करणारा कारकून परिस्थितीवरील पकडीत दोन गुणांच्या वर जाईना, तरी तो दुःखी आहे असे म्हणायला कोणी धजेना. 'त्याला गुंड्याभाऊ आहे ना, मॅडम,' असे एकाने त्याच्या जिवलग सोबत्याची आठवण देत म्हटल्यावर नात्यांच्या रकान्यात भराभर नऊ-दहा पडले. त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'आणि काऊला कोणी विचारलंय का?' चिमणरावाच्या संसारातील गंमत त्याच्या पत्नीच्या बाजूने मोजून पाहावी, हे माझ्या कागदावर नव्हतेच. विनोदी वाङ्मयातील सुखी घरांबद्दल हा प्रश्न मला अजूनही महत्त्वाचा वाटतो.

पांडुरंगाला बहुतेकांनी सरसकट शून्य देऊन टाकले. पुण्यात शिकायला येऊन, परीक्षेत आणि माणसांत हरून गावी परतणारा हा तरुण त्यांना नुसता आळशी वाटला. एकाच मुलाने नात्यांना दहा गुण देऊन ते खोडले होते आणि शेजारी 'मनी' असे लिहिले होते. मनी ही पांडुरंगाची धाकटी बहीण, तिच्या मृत्यूचे प्रकरण कादंबरीत आहे.

कार्यशाळा संपल्यावर तो मुलगा कागद देण्याच्या निमित्ताने थांबला आणि पांडुरंगाविषयी बोलत राहिला. मी सहज विचारले, 'पांडुरंगाला झोप लागत असेल का रे?'

'नाही. तो पहाटेच्या लोकलने विरारला जातो.'

पुण्याच्या वसतिगृहात राहणाऱ्या पांडुरंगाला विरारची लोकल कुठून मिळणार! पण मी ते बोलले नाही. त्याला 'म्हणजे तूच ना?' असे तिथेच पकडले असते, तर बहुधा तो कागद ठेवून निघून गेला असता. मी विचारले, 'विरारला उतरतो का?'

'नाही. त्याच डब्यात बसून परत येतो. गाडीत झोप लागते. घरी लागत नाही, घरी तिची खाट आहे.'

एका टप्प्यावर मात्र पात्राचा आडोसा सोडावाच लागतो. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट स्पष्ट विचारल्याने माणसाला बोलायला वाट मिळते. म्हणून मी त्याला नावाने हाक मारली आणि जीव द्यावा असे विचार मनात येतात का, ते साध्या शब्दांत विचारले. आले होते, पण तसे काही ठरवलेले नव्हते, असे तो म्हणाला आणि प्रथमच 'मी' म्हणून बोलू लागला. बहिणीला जाऊन वर्ष व्हायचे होते आणि घरात तिचे नाव कोणी घेत नव्हते.

त्याच्या परवानगीने मी त्याच्या मामांना फोन केला. ते डोंबिवलीहून येईपर्यंत त्याला एकटे सोडले नाही. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर असावा म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिला. दुसऱ्या दिवशी मामा त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले, आणि खाटेचे काय करायचे हे आईवडिलांशी तो स्वतः बोलणार, असे आमचे ठरले.