तुम्ही विचारलंत म्हणून: विलायतच्या डाकेला सरकारची स्वतःची बोट का नव्हती?

जुन्या पाकिटांचं प्रदर्शन मांडलं की माझ्या टेबलापाशी एक प्रश्न हमखास येतो. "काय हो, राज्य इंग्रजांचं, टपालखातं इंग्रजांचं, मग विलायतची डाक खासगी कंपनीच्या आगबोटीतून का? वर तिला लाखो पाउंड कशाला द्यायचे? स्वतःच्या बोटी नव्हत्या?" उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देतो आणि ते अर्धवटच राहतं. आज जरा बसून देतो. माझी सगळी नोकरी निविदा आणि करारनामे वाचण्यात गेली, त्यामुळे पाकिटांवरच्या तिकिटांपेक्षा त्यांच्या मागचा करारच मला जास्त खुणावतो, हे आधीच कबूल करतो.

बोटी होत्या, आणि त्या मुंबईच्याच होत्या. ह्यू लिंडसे नावाची आगबोट मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधली. 20 मार्च 1830 ला ती निघाली आणि एडनमार्गे 22 एप्रिलला सुएझला पोचली. तिच्यात जेमतेम साडेपाच दिवसांच्या कोळशाची सोय होती आणि एडनपर्यंतचीच मजल 11 दिवसांची. मग कोळसा केबिनीत भरला, दिवाणखान्यात भरला, जिथे कोपरा दिसला तिथे भरला. प्रवाशांना आणि डाकेला उरलेली जागा. पुढे 1839 मध्ये कंपनी सरकारने एडनच ताब्यात घेतलं, त्यामागे हा कोळशाचा प्रश्न बराच होता.

मुंबई–सुएझ ही फेरी 1854 पर्यंत कंपनी सरकारच्या आरमाराकडेच राहिली. आरमाराच्या बोटी म्हणजे लढाईच्या बोटी. कुठे युद्ध निघालं की बोट तिकडे, डाक इथे. एकदा तर आगबोटीअभावी मुंबईची डाक शिडाच्या गलबतावर चढवली गेली आणि गलबतासकट बुडाली. शिवाय या सेवेचा खर्च वर्षाला लाख पाउंडांच्या वर गेला होता. पी अँड ओ या खासगी इंग्रज आगबोट कंपनीने तीच फेरी 24-25 हजार पाउंडांत करून देते म्हटलं. कलकत्त्याला तिच्या बोटी 1842 पासून जातच होत्या. सरकारने हिशेब केला आणि आपल्या बोटी बाजूला घेतल्या. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर इथेच संपतं. पण मला खरी गंमत वाटते ती पुढच्या कलमांत.

पहिली गोष्ट, हा करार मालवाहतुकीचा नव्हता. किती पिशव्या नेल्या यावर पैसे नव्हते. वर्षाची ठोक रक्कम ठरलेली, आणि तिच्या बदल्यात बोटीने ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी बंदर सोडायचं. माल भरायचा राहिला, एखादा बडा साहेब अजून धक्क्यावर पोचला नाही, तरी थांबायचं नाही. उशिराला दंड. लवकर पोचलात तर काही करारांत बक्षीसही. पिशव्यांसाठी कुलपाची स्वतंत्र खोली. लढाई निघाली तर बोट सरकारजमा करण्याचा हक्क. 1860 पर्यंत हे करार नौदल खात्याच्या हातात होते, तेव्हा डाकेसोबत नौदलाचा एक अधिकारी बोटीवर असे. त्याचा खर्च कंपनीच्या डोक्यावर आणि त्याची नजर कप्तानाच्या घड्याळावर. त्या कप्तानाच्या पोटात रोज काय कालवत असेल, याचा मी बऱ्याचदा विचार करतो.

पावसाळ्याचंही कलम होतं. नैर्ऋत्य मोसमी वारा अंगावर घेत मुंबईहून एडन गाठणं म्हणजे भिंतीला डोकं लावून चालणं. आपल्या कोळ्यांनी होड्या ओढून घेतल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे बघायचं नाही. कराराला ती मुभा नव्हती. या टप्प्याला फक्त जादा वेळ धरलेला असे, बाकी आठवड्याची डाक आठवड्यालाच.

ही आठवड्याची डाक आली 1867 च्या करारातून, आणि त्या करारातलं एक कलम वाचून माझ्यासारख्या निविदेवाल्याने कपाळाला हात लावला. रक्कम वर्षाला 4 लाख पाउंड. पण कंपनीला भागधारकांना 8 टक्के लाभांश देता आला नाही, तर सरकारने रक्कम वाढवत 5 लाखांपर्यंत न्यायची. लाभांश 8 टक्क्यांच्या वर गेला, तर वरच्या नफ्यात लंडनच्या टपालखात्याचा वाटा. कंत्राटदाराच्या नफ्याची हमी कंत्राट देणाराच घेतोय! आपल्याकडे जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला 5 टक्के व्याजाची हमी होती, ती आठवा. त्या काळाची ही रीतच दिसते, आणि त्या हमीचा भार शेवटी कुठे जातो तेही ठरलेलं. डाकेच्या या खर्चातला एक वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीतून जायचा. बारा वर्षांसाठी केलेलं हे कलम तीन वर्षांतच मोडीत निघालं आणि 1870 मध्ये साडेचार लाखांची बांधीव रक्कम ठरली.

आता सुएझ. 17 नोव्हेंबर 1869 ला कालवा उघडला. त्याआधी डाक अलेक्झांड्रियाला उतरायची, इजिप्त ओलांडून सुएझला जायची आणि तिथे दुसऱ्या बोटीत चढायची. हा मधला टप्पा आधी उंटांवर होता, 1858 पासून पूर्ण रेल्वेने. करारात तेच लिहिलेलं: डाक इजिप्तमधून रेल्वेने. कालवा झाल्यावर कंपनीच्या बोटी सरळ त्यातून जाऊ लागल्या. कुणालाही वाटेल, डाकही आता सरळ जाणार. पण टपालखातं करारावर बोट ठेवून बसलं. मग काय व्हायचं? बोट अलेक्झांड्रियाला यायची, पिशव्या उतरवायची, पिशव्या आगगाडीत बसायच्या. रिकामी झालेली बोट कालव्यातून सुएझला जायची आणि आपल्याच पिशव्या परत पोटात घ्यायची. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

टपालखातं अगदीच मूर्ख नव्हतं, हेही सांगायला हवं. कालवा अरुंद, बोटी गाळात रुतायच्या, आणि रात्री वाहतूक बंद. विजेचे दिवे लावून रात्री जायची परवानगी 1887 मध्ये मिळाली. आगगाडीचा भरवसा जास्त होता. पण खरी मेख पैशांची. खात्याचं म्हणणं, कालव्यामुळे तुमचा खर्च वाचतो, तर आमची रक्कम कमी करा. कंपनीचं म्हणणं, कालव्यापायी आमच्या जुन्या बोटी भंगारात निघाल्या, कमी कुठून करू? ही रस्सीखेच 1874 पर्यंत चालली. शेवटी कंपनीने वर्षाला 20 हजार पाउंड सोडले, आणि पिशव्यांना कालवा बघायला मिळाला. अशी भांडणं मी टेबलाच्या अलीकडे बसून पाहिली आहेत. दोन्ही बाजू बरोबर असतात आणि माल मधल्या मध्ये चढत-उतरत राहतो.

माझ्या संग्रहातलं लाडकं पाकीट त्यानंतरचं, 1890 च्या दशकातलं. लंडनहून पुण्याला आलेलं. अडीच पेनीचं जांभळं तिकीट, कोपऱ्यात तिरक्या अक्षरात "व्हाया ब्रिंडिसी". इटलीच्या टाचेवरचं हे बंदर. लंडनहून शुक्रवारी रात्री निघालेली डाक आगगाडीने रविवारी रात्री तिथे पोचायची आणि बोट गाठायची, म्हणजे बिस्केच्या उपसागराचा वळसा वाचला. एकेकाळी या मार्गाला जादा पैसे पडत, म्हणून लोक मार्ग लिहीत. माझ्या पाकिटाच्या वेळी दर एकच झाला होता, लिहायची गरज नव्हती. हात मात्र लिहीतच राहिला.

पाकीट उलटलं की मागे एक शिक्का आहे: "सी पोस्ट ऑफिस". समुद्रावरचं पोस्ट. 1868 पासून हिंदुस्थानच्या टपालखात्याचे सॉर्टर या बोटींवर चढत. पुढे हे काम मुंबई–एडन टप्प्यापुरतं राहिलं. एडनला चढायचं आणि मुंबईचा धक्का लागेपर्यंत हलत्या टेबलावर सगळी पत्रं गावोगावच्या गठ्ठ्यांत लावून मोकळं व्हायचं, म्हणजे पिशव्या थेट रेल्वेत. बोटीच्या पोटात उकाडा, जुलैत वरून ती लाट. माझ्या पाकिटावरचा शिक्का निम्मा उठलाय आणि उरलेला घसरलाय. भिंगातून तो पाहणाऱ्याला मी सांगतो, शिक्का मारणाऱ्याचा हात नका बघू, त्याच्या पायाखालची जमीन बघा. 1914 च्या महायुद्धात ही सोय बंद झाली.

बोटीवर मुंबईचे होते ते फक्त सॉर्टर नव्हेत. पी अँड ओच्या डेकवर सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, त्याच्या हाताखालचे टिंडेल आणि खलाशी असत, त्यांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान बरेच. जेवणघरात गोव्याची माणसं. धोबीतलावच्या आसपासच्या कुडांत, म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाच्या सामायिक बिऱ्हाडांत, गावकऱ्यांसोबत पथारी टाकून ती पुढच्या बोटीची वाट बघत. आणि या माणसांबद्दलही एका करारात कलम आलं.

1901 मध्ये ऑस्ट्रेलियाची वसाहती राज्यं एक झाली आणि त्यांच्या नव्या संसदेने त्याच वर्षी टपाल-तार कायदा केला. त्यात डाकेच्या प्रत्येक कराराला एक अट बंधनकारक: बोटीवर फक्त गोरे कामगार. वेग नाही, वेळ नाही, दंड नाही, कातडीचा रंग. इंग्लंडच्या वसाहतमंत्र्यांनी, जोसेफ चेंबरलेन यांनी, हरकत घेतली की हे खलाशीही बादशहाचेच प्रजाजन आहेत. ऑस्ट्रेलिया हलली नाही. तिथवर लंडन आणि वसाहती मिळून करार करत, ते तुटलं. ऑस्ट्रेलियाने आपली डाक ओरिएंट लाइनला दिली. त्या कंपनीने करारासाठी आपले हिंदी खलाशी काढून टाकले.

पी अँड ओने काढले नाहीत. त्यात भूतदया किती आणि पगारातली बचत किती, हे तुम्हीच ठरवा. लंडनच्या टपालखात्याचा करार तिच्याकडे होताच, आणि त्यात ती अट नव्हती. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं सिडनीच्या बंदरात विलायतच्या डाकेच्या दोन तऱ्हेच्या बोटी लागायच्या. एकीवरून गोरे खलाशी पिशव्या उतरवायचे. दुसरीवर सारंगाची शिट्टी वाजायची आणि रत्नागिरीची पोरं दोराला हात घालायची.