पॉइंट मिळवणं सोपं, खर्चणं अवघड

पतसंस्थेत कॅशियर म्हणून नोकरी झाली, त्यामुळे खातं म्हटलं की आधी नियम वाचायचे ही जुनी खोड. कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या गल्लीतल्या काही जणींनी कामं आणि वस्तूंच्या देवघेवीचा गट सुरू केला, तेव्हा फॉर्मच्या आधी मी नियमांचा कागद मागितला.

पैशांऐवजी पॉइंट. कुणाच्याही एका तासाचे साठ, मग ते इंग्रजी शिकवणं असो नाहीतर माळा साफ करणं. वस्तूचा भाव दोघांनी ठरवायचा, सुट्या भागांचे पैसे रोख द्यायचे. प्रत्येकाचं खातं शून्यापासून सुरू, वजा सहाशेपर्यंत जायची मुभा, व्याज नाही. आणि कुणाचीही शिल्लक कुणीही बघावी! आमच्या संस्थेत हे केलं असतं तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली असती.

ही पद्धत कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मायकेल लिंटन यांनी १९८३ मध्ये सुरू केली. तिथं लोकांच्या हातात कसब होतं, खिशात रोख नव्हती. त्यात भाव दोघांनी ठरवायचे असत. सगळ्यांचा तास सारखा ही गोष्ट टाइम बँकेतून, म्हणजे पैशांऐवजी तासांचा हिशेब ठेवणाऱ्या गटांतून आलेली. आमच्या गटानं दोन्हींची सोयीनं मिसळ केली आहे.

सासूबाईंना सगळं सांगितलं तर म्हणाल्या, "ह्यो तर पैराच की." त्यांचं माहेर पन्हाळ्याकडचं. रोप लावणीला आज तुमच्या शेतात सगळे, उद्या माझ्या. पण पैऱ्यात ज्याचं घेतलं त्याच्याच बांधावर परत जावं लागतं. इथं माझ्याकडून गणित शिकून गेलेल्या पोरानं माझं काहीच करायचं नाही. त्याच्या आईनं तिसऱ्याच कुणाच्या साडीला फॉल लावला तरी हिशेब बसतो.

फॉर्मवर दोन रकाने होते. 'देऊ शकते' मध्ये मी भराभर लिहिलं: दहावीचं गणित, बँकेचे अर्ज भरून देणं, लोणचं. 'हवं आहे' मोकळा ठेवला. वही सांभाळणारी मुलगी म्हणाली, "काकू, हा रकाना मोकळा चालत नाही. निदान तीन गोष्टी लिहा."

"मला काही नको गं."

"सगळे असंच म्हणतात. मग तुमचं गणित घेणार कोण?"

तेव्हा माझ्यातली कॅशियर जागी झाली. सगळ्यांच्या शिल्लकीची बेरीज कायम शून्यच यायची. माझे अधिक साठ म्हणजे कुणाचे तरी वजा साठ. प्रत्येकीनं अधिकातच राहायचं ठरवलं तर एकही व्यवहार होणार नाही. वजा म्हणजे थकबाकी, असं आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं, त्यामुळे पचायला जड गेलं. तरी लिहिलं: शिलाई मशीन दुरुस्ती, मोबाइलवरून वीजबिल भरायला शिकणं, सासूबाईंना दवाखान्यात सोबत.

बैठकीत जीएसटीचा प्रश्न निघाला. करसल्ला देणाऱ्या एका सदस्यानं सांगितलं की कायद्यात अदलाबदलही पुरवठ्यातच धरली आहे. पण सेवांची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. ज्याची नोंदणी आहे, त्या दुकानदारानं मात्र बिल फाडायचं. मला हे पटलं. फुकटात सगळं सुटतं म्हणणाऱ्या योजनांवर माझा विश्वास नाही.

उद्यमनगरातून निवृत्त झालेल्या एका फिटरकाकांनी मशीन उघडलं, तेल-पाणी केलं, पट्टा बदलला. पट्ट्याचे पैसे रोख दिले, नव्वद पॉइंट वहीत. माझं खातं उघडलं ते वजा नव्वदनं, आणि ते गल्लीभर दिसत होतं! चहा झाल्यावर काकांनीच विचारलं, "लोणचं कधी घालताय?"

सध्या आमच्याकडे शिकवण्या घेणाऱ्या आणि मेंदी काढणाऱ्या ढीगभर, प्लंबर एकही नाही. एकाला विचारलं, तर तो तोंडावर म्हणाला, "मला रोख मिळतंय काकू, तुमचे पॉइंट घेऊन काय करू?" त्याचं खरंच आहे, ज्याच्या कामाला रोज गिऱ्हाईक आहे तो इथं कशाला येईल? जाताना मात्र दहावीचं गणित कोण घेतं, ते विचारून गेला. त्याची मुलगी यंदा नववीत आहे.