साडेदहा फुटांची जागा

आबांचा गुडघा आणि रिक्षाची पायरी यांचं जमेनासं झालं, तेव्हा आमच्या घरात गाडीचा विषय निघाला. २०२४ची दिवाळी जवळ आली होती. ऑपरेशननंतर आबांना आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला कोथरूडला न्यावं लागे. नारायण पेठेतून सहा किलोमीटर. रिक्षा मिळेपर्यंत दहा मिनिटं, मग आबांनी वाकून एक पाय आत टाकायचा, दुसरा मी उचलून द्यायचा, वॉकरची घडी करून तो कुठेतरी कोंबायचा, आणि हे सगळं मागच्या पीएमटीच्या हॉर्नच्या तालावर. एकदा आबा तसेच अर्धे आत, अर्धे बाहेर असताना म्हणाले, "पुढच्या वेळी मला कुरिअरने पाठव."

मी वीस वर्षं ॲक्टिव्हावाली. चारचाकीचं लायसन्स आहे, पण ते कपाटात. त्यामुळे अट पहिल्या दिवशीच ठरली: गाडी लहान हवी आणि गिअरची कटकट नको. किती लहान, ते मात्र ठरायचं होतं.

आबा बँकेतून निवृत्त. कुठलीही गोष्ट ते कॅलेंडरच्या मागच्या पानावर मांडतात. पुण्यात तेव्हा रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरचे २५ रुपये होते आणि पुढे किलोमीटरला १७. म्हणजे एका खेपेचे १०२, जाऊन-येऊन २०४, आठवड्याला ६१२, वर्षाचे जवळजवळ ३२ हजार. "सात लाखांची गाडी म्हणजे बावीस वर्षांची रिक्षा," त्यांनी पेनाने खाली दोन रेघा मारल्या. "मी आत्ता एकोणऐंशीचा. एकशे एक होईपर्यंत रिक्षाच परवडते."

हिशेब बिनचूक होता. लहान गाडी घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा करावाच, कारण पेठेत राहून महिन्याला चारपाचशे किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला गाडी पैशाच्या बाजूने कधीच पटत नाही. पण त्या पानावर रिक्षात चढतानाचा आबांचा चेहरा नव्हता. तो मी रोज बघत होते. तेव्हा परवडण्याचा मुद्दा मी तिथेच सोडला आणि मोजपट्टी घेऊन खाली गेले.

आमची इमारत जुन्या वाड्याच्या जागेवर उभी आहे. पार्किंग कागदोपत्री प्रत्येकाला आहे. आमच्या वाट्याचं लिफ्टच्या भिंतीला लागून, शेवटचं. बिल्डरने नकाशात तिथे ऐटीत एक गाडी काढून दाखवली होती, ती बहुधा काड्यापेटीएवढी असावी. कारण मोजलं तर लांबी निघाली साडेदहा फूट आणि रुंदी, एका बाजूला खांब धरून, साडेसात. त्यात उभं होतं काय? तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची स्कूटर, कुणाची तरी चेन नसलेली सायकल, गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि फुटक्या फरशा.

त्या रात्री मी गाड्यांच्या लांब्या घेऊन बसले. सगळ्यांच्या डोक्यात पहिलं नाव होतं अल्टो के१०. किंमत त्या वेळी ३.९९ लाखांपासून, दुरुस्ती कुठेही होते, आपोआप गिअर बदलणारं मॉडेलही मिळतं. पण लांबी ३,५३० मिलिमीटर, म्हणजे साडेअकरा फुटांच्या वर. फूटभर नाक लिफ्टच्या दारात. आमच्याकडे एके काळी मारुती ८०० होती, आमच्या आठवणीत ती इवलीशी. तीसुद्धा ३,३३५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अकरा फूट. आपण ज्याला छोटी गाडी म्हणत आलो, तीही आमच्या खोपटात मावत नव्हती.

मग उरल्या दोनच. पहिली जुनी नॅनो. २००९ साली रस्त्यावर आलेली लाखाची गाडी. तिचं उत्पादन २०१८ला थांबलं, तेव्हा जी मिळेल ती वापरलेलीच. सुरुवातीची नॅनो ३,०९९ मिलिमीटर लांब, २०१५नंतरची जेनएक्स ३,१६४. म्हणजे आमच्या जागेत बसली असती, पण पुढे-मागे मिळून दीड इंच राखून. कोथरूडला एका निवृत्त शिक्षकांकडे एक जेनएक्स होती. गाडी लेकीसारखी सांभाळलेली, सीटवर अजून प्लॅस्टिक. इंजिन मागे, छत उंच, आबा आत शिरले आणि चक्क ताठ बसले. गिअर आपोआप बदलणारे. किंमतही अगदी माफक. मी जवळपास हो म्हटलं होतं. माझ्या लेकाने घरी आल्यावर फक्त एवढंच दाखवलं की गाड्या आदळून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०१४च्या चाचणीत नॅनोला शून्य तारे मिळाले होते. जेनएक्स त्यानंतरची हे खरं, पण एअरबॅग तिच्यातही नाही. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा माणूस पुढच्या सीटवर बसवायचा आणि समोर काहीच नाही, हे मला जमेना. शिक्षकांना नाही म्हणून फोन केला तेव्हा मला अपराधी वाटलं. ते म्हणाले, "हरकत नाही, मलाही द्यायची नव्हतीच खरं तर."

दुसरी एमजीची कॉमेट. दोन दारांची, चार सीटची, विजेवर चालणारी. २०२३ साली आली तेव्हा मी तिला रस्त्यावर बघून हसले होते, हे कबूल करते. लांबी २,९७४ मिलिमीटर, म्हणजे पावणेदहा फूट. आमच्या जागेत पाऊण फूट शिल्लक!

रुंदी १,५०५, पाच फुटांना जेमतेम कमी. आरसे त्यात धरलेले नाहीत. खरी गंमत दारांची. दोनच दारं असलेल्या गाडीची दारं लांब असतात, आणि अरुंद जागेत लांब दार अर्धंच उघडतं. गाडीची लांबी-रुंदी सगळे विचारतात, दार उघडायला किती जागा लागते हे कुणी विचारत नाही. मी लेकाला घेऊन खाली गेले, बांबू हलवले, फरशीवर खडूने गाडीएवढा आयत काढला, पुठ्ठ्याचं दार कापलं आणि खांबाच्या बाजूने उघडून पाहिलं. आबांना तिथून उतरवणं अशक्य होतं. पण त्यांना आधी फाटकापाशी उतरवून मग गाडी भिंतीला चिकटून लावली, तर माझ्या बाजूला दोन फूट राहत होते. तेवढ्यातून मी बाहेर येते. श्वास आत घेऊन येते, पण येते. हे सगळं वॉचमन गंभीरपणे बघत होता. शेवटी म्हणाला, "ताई, गाडी पुठ्ठ्याचीच घेणार का?"

टेस्ट ड्राइव्हची गाडी मी हट्टाने घरी मागवली. शोरूमच्या रुंद रस्त्यावर सगळ्याच गाड्या गुणी असतात. केळकर रस्ता, मग कर्वे रस्ता, नळस्टॉप, परत, असा आबांच्या फिजिओचा अर्धा मार्ग केला. गाडीची उंची १,६४० मिलिमीटर आहे, सीट खुर्चीच्या पातळीवर येते. आबा पाठ करून बसले, पाय आत घेतले, झालं. अल्टोत त्यांना खाली उतरल्यासारखं बसावं लागलं होतं. गाडी लहान म्हणजे आत-बाहेर करायला अवघड, हा माझा समज तिथे मोडला. गाडीची लांबी आणि म्हाताऱ्या गुडघ्याची सोय यांचा संबंध नाही, संबंध सीटच्या उंचीशी आहे.

आमच्या बोळाच्या तोंडाशी ती एका दमात वळली. बारा इंची चाकं आणि पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम दोन मीटरचं अंतर म्हटल्यावर खड्डा कळणारच, पण पेठेत आपण वीस-पंचवीसच्या वर जातो कधी? डिकी नाही. स्टेपनीही नाही, पंक्चरचं किट मिळतं. नाशिकहून भावाने फोनवर सुनावलं, "ह्या खेळण्यातून तू नाशिकला येणार?" कंपनीचा दावा एका चार्जिंगला २३० किलोमीटरचा, नाशिक साधारण २१०वर. कागदावर पोचते. मी कागदावर चालवणार नव्हते. ओळखीतल्या एकाकडे ही गाडी आहे, तो म्हणाला शहरात दीडशे धरून चाला, वर मिळाले तर बोनस. बॅटरी १७.३ युनिटची, चार्ज होतानाची गळती धरून वीस युनिट, युनिटला दहा रुपये, म्हणजे दोनशे रुपयांत दीडशे किलोमीटर. आबांनी हे पानावर लिहून घेतलं आणि रेघ मारली नाही. मी ते सुचिन्ह मानलं.

मग आली बॅटरीच्या भाड्याची योजना. तेव्हा गाडी ४.९९ लाखांपासून आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला अडीच रुपये, किंवा बॅटरीसकट ६.९९ लाखांपासून. फरक दोन लाखांचा. दोन लाख भागिले अडीच, म्हणजे ऐंशी हजार किलोमीटर. आम्ही वर्षाला सहा हजार चालवणार. तेरा वर्षं भाडं भरलं तरी दोन लाख होत नाहीत. मी खूश. आबांनी चष्मा काढला. "महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे लावतात ते विचार." विचारलं. शोरूमच्या तरुण मुलाने दोन फोन केले आणि सांगितलं की ते कर्ज देणाऱ्या कंपनीवर आहे, नेमकं नंतर कळेल. आबा म्हणाले, समजा हजार किलोमीटर धरले, गाडी उभी असली तरी महिन्याला अडीच हजार, वर्षाला तीस. पावणेसात वर्षांच्या आत दोन लाख गेले आणि बॅटरी आपली नाहीच. चाळीस वर्षं लोकांना कर्जं दिलेला माणूस. आम्ही बॅटरीसकट घ्यायचं ठरवलं. महाराष्ट्रात पेट्रोलच्या गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के वाहनकर आहे, विजेच्या गाडीला तो माफ होता, त्यामुळे रस्त्यावर येईपर्यंतचा आकडा फारसा फुगला नाही.

इतकं झालं आणि खरं प्रकरण पुढेच होतं. चार्जिंगचा प्लग.

गाडीचा चार्जर ३.३ किलोवॅटचा, साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चालतो, रात्रभर लावला की सकाळी गाडी भरलेली. आमच्या घराचा मंजूर भार तीन किलोवॅट, तो वाढवायला महावितरणकडे ऑनलाइन अर्ज केला, तो भाग सरळ झाला. आमच्याच मीटरवरून पार्किंगपर्यंत वेगळी वायर ओढायची, जादा भार आला की वीज तोडणारा एमसीबी बसवायचा, अर्थिंग तपासायचं. इलेक्ट्रिशियन म्हणाला अर्ध्या दिवसाचं काम. सोसायटीला लागले सात आठवडे.

पहिल्या सभेत आगीचा मुद्दा निघाला. मग "आज तुम्ही, उद्या सगळे" निघाला. मी म्हटलं, उद्या सगळे घेणार असतील तर आजच ठरवून टाकू. मग लिफ्टच्या विजेवर परिणाम होईल का, हे निघालं. मी इलेक्ट्रिशियनलाच सभेत आणून बसवलं, त्याने शांतपणे सगळं समजावलं. तरी ठराव पुढे ढकलला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आगीची भीती कुणालाच नाही. प्रश्न बांबूंचा होता. आमची जागा पंधरा वर्षं इमारतीचं गोदाम होती, आणि गाडी आली की गोदाम जाणार. दुसऱ्या सभेत मी प्लगबद्दल एक शब्द काढला नाही. जिन्याखालची मोकळी जागा साफ करायचा खर्च मी देते, बांबू तिथे जातील, आणि काकूंची स्कूटर फाटकाशेजारी छपराखाली लागेल, एवढंच बोलले. पाच मिनिटांत ना हरकत पत्र. काकूंनीच अनुमोदन दिलं.

फेब्रुवारीत गाडी आली. पांढरी. पहिले पंधरा दिवस मी ती लावताना खाली उतरून चारदा बघत असे. आता भिंतीवर चिकटवलेला टेनिसचा चेंडू मागच्या काचेला टेकायच्या आत थांबते. रिक्षाच्या पायरीचं नाव आमच्या घरात निघत नाही. वॉकर मात्र पुढची सीट मागे घेतली की मागे उभा राहत नाही, म्हणून मागच्या सीटचं एक बाजूचं पाठ कायमचं पाडून ठेवलंय. थोडक्यात आमच्याकडे तीन सीटची गाडी आहे.

हे मी भावाला सांगायला विसरले. मे महिन्यात तो आणि वहिनी नाशिकहून आले, त्यांना घ्यायला मी आणि आबा मोठ्या उत्साहाने वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर गेलो. आबा पुढे, वॉकर मागे, वहिनी वॉकरला धरून. भाऊ दोन बॅगा घेऊन फुटपाथवर उभा राहून गाडीकडे आणि गाडी त्याच्याकडे बघत होती. तो रिक्षाने आला. घरी पोचल्यावर आबांनी त्याला किती झाले ते विचारलं आणि कॅलेंडर उलटं करून आकडा लिहून ठेवला.