शांघायहून एका दिवसात झूजियाजियाओ – माझा अनुभव

ऑफिसच्या कामाने शांघायला गेलो होतो, मधला रविवार मोकळा होता, तेव्हा कालव्यांचं एखादं जुनं गाव बघायचंच असं ठरवलं. झोउझुआंग, शीतांग वगैरे जास्त फेमस आहेत पण मी झूजियाजियाओ घेतलं, कारण तिथे थेट मेट्रो जाते आणि गावात शिरायला तिकीट नाही.

खरं काम जाण्याचं नाही, मोबाईलचं आहे. अलीपे हे चिनी पेमेंट अ‍ॅप भारतातूनच सेट करून ठेवा. पासपोर्टचा फोटो, मग व्हिसाचं किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडायचं, त्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल व्यवहार चालू करायचे, आणि ओटीपी आपल्याच नंबरवर येतो म्हणून हे सगळं घरीच उरकलेलं बरं. २०० युआनच्या वरच्या पेमेंटवर ३ टक्के चार्ज लागतो, खालच्याला नाही, आणि अशा ट्रिपमध्ये एका वेळी २०० क्वचितच जातात. मेट्रोचा क्यूआर कोडही त्यातच मिळतो. हॉटेलच्या वायफायवर गूगल मॅप्स विसरा, अ‍ॅमॅप हे चिनी नकाशाचं अ‍ॅप टाका.

सकाळी लवकर निघालो. लाईन २ ने होंगचियाओ रेल्वे स्टेशन, तिथून लाईन १७, भाडं दहा युआनच्या आत. प्रत्येक स्टेशनवर बॅग स्कॅन होते, पाण्याची बाटली दिसली की घोट प्यायला लावतात. झूजियाजियाओ स्टेशनपासून जुन्या गावात मी चालतच गेलो, पंधरा-वीस मिनिटं लागतात.

गावाची शान म्हणजे फांगशेंग पूल. पाच कमानींचा दगडी, १५७१ मध्ये एका बौद्ध भिक्षूने वर्गणी गोळा करून बांधला आणि १८१२ मध्ये पुन्हा बांधून काढला. नियम असा होता की पुलाखाली मासे पकडायचे नाहीत, फक्त सोडायचे. ते अजून चालू आहे, म्हणजे पुलाच्या तोंडाशी बायका प्लास्टिकच्या पिशवीत पाणी घालून छोटे लाल-केशरी मासे विकत बसतात, आपण विकत घ्यायचे आणि कालव्यात सोडायचे. एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, पोरगं काही पिशवी सोडेना, त्याला ते मासे घरी न्यायचे होते. शेवटी आजोबांनीच पिशवी उलटी केली आणि मग जे भोकाड पसरलं त्याने! (पुण्य कोणाच्या खात्यात गेलं देव जाणे.)

होडीत बसायचं असेल तर भाडं अख्ख्या बोटीचं असतं, माणशी नाही, त्यामुळे एकटे असाल तर काउंटरपाशी उभं राहून कोणी शेअर करतंय का बघा. मला एक कुटुंब मिळालं.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी लोकांनी जरा जपूनच. बेइ दाजिए नावाची अरुंद गल्ली आहे, दोन्ही बाजूला दुकानं, दोरीने बांधून शिजवलेलं डुकराचं मटण सगळीकडे, आणि त्या आंबवलेल्या तोफूच्या वासाने तर डोकंच उठतं. पानात गुंडाळलेला चिकट भात, झोंगझी, जागोजागी मिळतो, पण बहुतेकांत मांस असतं, लाल राजम्यासारख्या डाळीचा गोड मागा. भाजलेला हिरवा सोयाबीन मात्र मस्त, चकण्याला एक नंबर.

दहा-साडेदहानंतर त्या गल्लीत मुंगीला जागा नव्हती. मी सरळ केझी बागेत गेलो, १९१२ ची खाजगी बाग आहे, वेगळं तिकीट आहे म्हणून बरेचजण टाळतात, त्यामुळे आत निवांत. काउंटरवर पासपोर्ट मागू शकतात, जवळ ठेवा. दुपारी तीनला परत निघालो तेव्हा स्टेशनवरून उलटे लोंढे येत होते, माझ्या गाडीत मात्र बसायला जागा मिळाली.