घोडी अचानक मंदावते तेव्हा

मूळचा थंड स्वभावाचा घोडा आणि गेल्या आठवड्यापर्यंत टाच लागण्याआधीच दुडकी, म्हणजे चालीपेक्षा जलद उड्या-उड्यांची गती, धरणारा, पण आता ढकलल्याशिवाय पाऊल न उचलणारा घोडा, या दोघांशी एकाच पद्धतीने वागता येत नाही. पहिल्याला शिकवावे लागते, तर दुसऱ्याला आधी तपासावे लागते. सांगलीजवळ हरिपूरच्या बाजूला मी दोन घोड्या सांभाळतो आणि सकाळी काही मुलांना स्वारी शिकवतो. गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर, नवरात्राच्या सुमारास, त्यांतली कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीची तांबूस, घोडी एकाएकी मंदावली. चालीवर ठीक, पण दुडकीला आणले की चार पावलांत पुन्हा चालीवर येत असे. एका मुलाच्या वडिलांनी कुंपणापलीकडून सल्ला दिला, "सर, कामचुकार झालीय ती, दोन छड्या द्या, आपोआप पळेल." त्यांचे बोलणे खरे ठरलेही असते, कारण छडी मारली की घोडा पळतोच. दुखत असतानाही पळतो, आणि त्यामुळेच त्या पळण्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

माझ्या मते पहिली तपासणी खोगीर न चढवता करावी. घोडा मोकळ्या आवारात सोडावा किंवा लांब दोरावर गोल फिरवावा आणि पाहावे. मोकळा असताना उधळत असेल आणि खोगीर चढल्यावरच मंदावत असेल, तर शोध पाठीत, तंगात (खोगीर आवळणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्यात), लगामात किंवा स्वारात घ्यावा. मोकळा असतानाही मान खाली घालून उभा राहत असेल, तर कारण शरीरात खोल कुठेतरी आहे. नांगरलेल्या मऊ मातीत बरा चालतो आणि डांबरी रस्त्यावर किंवा खडीवर पाऊल आखडते, असे दिसले तर आधी खूर पाहावेत. तबेल्यातून निघताना पाय ओढतो आणि परतताना मात्र झपाट्याने चालतो, असा प्रकार असेल तर तो बहुधा कंटाळा असतो किंवा जोडीदाराची ओढ. त्यासाठी डॉक्टरांची गरज नसते. आमची घोडी दोराशिवाय, खोगिराशिवाय, मऊ मातीतही तशीच उभी होती. त्यामुळे खोगीर तपासण्याचा प्रश्न तिच्या बाबतीत मागे पडला.

त्यानंतर आकडे घ्यावेत, आणि तेही घोडा विसाव्यात असताना. मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44, श्वास 8 ते 16 आणि ताप मोजल्यास 99 ते 101.5 अंश फॅरनहाइट, अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवरून जी शीर जाते तिच्यावर बोट टेकवले की नाडी लागते. ओठ उचलून हिरडी पाहावी. ती ओलसर गुलाबी असावी, बोटाने दाबल्यावर पांढरी व्हावी आणि साधारण दोन सेकंदांत पुन्हा रंगावर यावी. हे आकडे घोडा धडधाकट असतानाच लिहून ठेवलेले बरे, कारण प्रत्येक जनावराचे स्वतःचे मान वेगळे असते. आमच्या घोडीची नाडी विसाव्यात पन्नाशीपार गेली होती आणि हिरड्या फिकट दिसत होत्या. सकाळचे तापमान मात्र बरोबर होते. चंदीचा, म्हणजे दाण्याच्या खुराकाचा, तोंडाला बांधलेला तोबराही ती पूर्ण रिकामा करत होती, आणि आपल्याकडे खाणारे जनावर आजारी मानण्याची पद्धत नाही.

संध्याकाळी पुन्हा थर्मामीटर लावला तेव्हा ताप चढलेला होता. चढउतार करणारा ताप, फिकट हिरड्या, पोटाखाली हाताला लागणारी किंचित सूज आणि टिकून राहिलेली भूक, ही लक्षणे एकत्र दिसली की आपल्या भागात सर्रा या रोगाचा विचार करावाच लागतो. रक्तात वाढणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीमुळे हा रोग होतो आणि गुरांना चावणाऱ्या मोठ्या माश्या तो एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात नेतात. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याला 1880 साली डेरा इस्माईल खान येथे आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात हा जीव सापडला, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात इव्हान्सचे नाव आहे. गाई-म्हशींच्या अंगात तो पुष्कळदा फारशी लक्षणे न दाखवता राहतो, पण घोडा त्याने खंगतो आणि उपचार न मिळाल्यास दगावतो. नदीकाठचा ओलावा, पावसाळ्यानंतर वाढलेल्या माश्या आणि शेजारीच म्हशींचा गोठा, अशी आमची जागा आहे. डॉक्टरांनी रक्ताचा नमुना ताप चढलेला असतानाच घेतला, कारण ताप उतरल्यावर परजीवी रक्तात इतके विरळ होतात की काचपट्टीवर दिसत नाहीत. ही वेळ साधली नाही तर तपासणी निर्दोष येते आणि घोडा आळशी ठरतो. आमच्या नमुन्यात परजीवी दिसले. त्यावरचे इंजेक्शन वजनाप्रमाणे मोजून द्यावे लागते आणि टोचलेल्या जागी मोठी सूज येऊ शकते, त्यामुळे ऐकीव माहितीवर ते आणून टोचू नये. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावात घोड्यांची सवय असलेला डॉक्टर नसेल तर अशा ठिकाणी विचारणे हिताचे ठरते.

मात्र प्रत्येक मंदावलेल्या घोड्याला सर्रा झालेला नसतो. आमच्या ऊसपट्ट्यात मला त्याहून अधिक वेळा दिसते ते चाऱ्याचे दुखणे. उसाचे गाळप सुरू झाले की वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, ढीग सहज मिळतात, आणि गुरांसाठी आणलेली पेंढी घोड्यापुढेही टाकली जाते. वाढ्यांत ऑक्झलेट असते, ते आतड्यात कॅल्शियमला बांधून ठेवते. गाईच्या पोटातले जंतू त्याचा बराचसा बंदोबस्त करतात, घोड्याला ती सोय नाही. त्यात गव्हाचा कोंडा भरपूर घातला की फॉस्फरस वाढतो आणि शरीर हाडांतले कॅल्शियम काढू लागते. मग घोडा आखडून चालतो, पाऊल लहान टाकतो, आज या पायावर तर उद्या त्या पायावर किंचित लंगडतो, आणि पुढे चेहऱ्याची हाडे सुजतात. हे सगळे महिनोन्‌महिने चाललेले असते; मालकाच्या ध्यानात ते एका सकाळी येते, एवढेच. वाढे बंद करून कोरडे गवत, लसूणघास आणि डॉक्टरांनी सांगितलेले क्षार सुरू केले की फरक पडतो, पण हाडांची भरपाई सावकाश होते. बुरशी धरलेल्या मक्याबद्दल तर तडजोड नकोच. त्यातले विष थेट घोड्याच्या मेंदूवर जाते.

खुरांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. एक पाय दुखत असेल तर घोडा मान हलवतो आणि लंगडणे ओळखू येते. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर मान हलत नाही, लंगडणे दिसत नाही, दिसते ती फक्त सुस्ती. म्हणून दोन्ही खुरांवर तळहात ठेवून ऊब तपासावी आणि घोट्याच्या मागे नाडी जोरात उडते आहे का ते पाहावे. गरम खूर आणि उडणारी नाडी असेल तर स्वारी तिथेच थांबवून डॉक्टरांना बोलवावे. नाल साधारण सहा ते आठ आठवड्यांनी काढून खूर छाटावा लागतो. आमच्याकडे चांगले नालबंद इतके कमी उरले आहेत की हे अंतर लांबत जाते आणि त्याची किंमत घोडा मोजतो.

एक प्रकार मात्र तातडीचा आहे. घोड्याला एक-दोन दिवस विश्रांती दिली, चंदी नेहमीइतकीच ठेवली आणि पुन्हा कामाला काढल्यावर तो थोड्याच वेळात घामाघूम होऊन मागच्या पायांत ताठरला, लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर ते स्नायूंचे गंभीर दुखणे असते. अशा वेळी त्याला चालवत घरी आणू नये. आहे तिथेच उभे करावे, पाणी दाखवावे आणि डॉक्टरांना तिथेच बोलवावे. विश्रांतीच्या दिवशी चंदी कमी करण्याची जुन्या मोतद्दारांची, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या नोकरांची, रीत याच कारणासाठी होती.

खोगीर आणि दात यांबद्दल थोडक्यात. खांद्यामागच्या उंचवट्यावर खोगिराचा भार येत असेल, तर स्वारीनंतर घामाच्या ओल्या पाठीवर तेवढाच कोरडा डाग दिसतो. घोडा अर्धवट चावलेले गवत टाकत असेल किंवा लगामाशी झगडत असेल, तर दाढांच्या धारदार कडा कानशीने घासून घ्याव्यात.

स्वाराची तपासणी सगळ्यांत अवघड, कारण ती कोणालाच आवडत नाही. टाच मारून पुढे जा म्हणायचे आणि त्याच क्षणी लगाम ओढून धरायचा, असे रोज घडले की घोडा दोन्ही सूचना ऐकणे सोडतो. पावलागणिक टाच बडवणाऱ्या मुलांकडे आमच्या घोड्या लक्षच देत नाहीत, आणि मला त्यात त्यांचा दोष दिसत नाही. वजनाचेही तसेच आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राहावे, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीवर सत्तर किलोच्या आत. दहावीतला मुलगा दोन वर्षांत वीस किलोंनी वाढतो, घोडी तेवढीच राहते, आणि पालक म्हणतात की घोडी सुस्त झाली.

आमच्या कुमैत घोडीचा ताप उपचारानंतर उतरला, पण रक्त भरून यायला वेळ लागतो, त्यामुळे तिला लगेच कामाला लावले नाही. आधी नुसते हाताने फिरवणे, मग हलक्या मुलाला घेऊन सपाट रस्त्यावर चाल, आणि हिरड्यांचा रंग परतल्यावर दुडकीचे छोटे तुकडे, असा क्रम ठेवला. काम थांबवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत नाडी साठच्या खाली आली तरच दुसऱ्या दिवशी थोडे वाढवायचे, नाहीतर आदल्या पायरीवर परतायचे. गोठ्यातल्या शेणाचा ढीग तबेल्यापासून लांब हलवला आहे, संध्याकाळी माश्या वाढतात तेव्हा कडुनिंबाचा धूर करतो, आणि पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत आठवड्यातून एकदा दोन्ही घोड्यांचा ताप संध्याकाळीही मोजतो.